चढणीवर सोडलेला खांदा

महाडच्या बाजारपेठेत गुळाच्या एका व्यापाऱ्याकडे ढेपा तोलण्याचा मोठा काटा होता. शिमग्याला महिनाभर असताना मी त्याच्या पारड्यात उभा राहिलो. शेर-मण जाऊन किलो आले होते, तरी त्या मापाचा अंदाज मला अजून बसला नव्हता. म्हणून व्यापाऱ्याने मणात सांगितले. दोन्ही मापांत अर्थ एकच होता. शस्त्रक्रियेनंतर उतरलेले माझे वजन बहुतेक सगळे परत आले होते. वजने उचलून ठेवताना तो म्हणाला, "मुंबईच्या डॉक्टरांनी कापून काढलेलं महाडच्या पाण्यानं परत दिलं म्हणायचं." मी हसलो. ते हसू घरापर्यंत टिकले नाही.

काही वर्षांपूर्वी मी मुंबईत एका वर्तमानपत्रात काम करत होतो. अंगाने तेव्हाही स्थूल होतो, आणि जठरात व्रण झाला होता. एका पहाटे रक्ताची उलटी झाली. रुग्णालयात जठराचा अर्ध्याहून अधिक भाग काढावा लागला. व्रण गेला आणि त्यापाठोपाठ अंगही झडले. वर्षभरात मी इतका हलका झालो, की गावी गेल्यावर आईने आधी माझ्या दंडाला हात लावून पाहिला. शस्त्रक्रियेच्या दिवशी तिने आमच्या ग्रामदेवी सोमजाईपुढे दिवा तेवत ठेवला होता. देवीने मुलाला नवे शरीर दिले, असे ती शेवटपर्यंत सांगत राहिली. मीही तसेच मानत आलो. पुढे मुंबई सोडली आणि महाडला बिऱ्हाड करून इथूनच बातम्या पाठवू लागलो.

आमचे गाव पोलादपूरच्या वर, कुडपणच्या वाटेला आहे. शिमग्यात सोमजाईची पालखी खालच्या वाडीच्या सहाणेवरून वरच्या वाडीच्या सहाणेवर जाते. सहाण म्हणजे पालखी बसवायचा दगडी चौथरा. दोन सहाणांच्या मध्ये पालखी जमिनीला टेकत नाही. या चढणीवर पुढच्या दांड्याचा उजवा खांदा आमच्या घराचा आहे. तो दुसऱ्या घराला देता येत नाही. माझ्या आजारपणात तो माझा चुलत भाऊ धोंडू घेत असे. शस्त्रक्रियेनंतर तो मी परत घेतला, आणि देवीने दिलेले शरीर देवीखाली लावतो, याचे समाधान मला दरवर्षी मिळत गेले.

वजन परत आले ते कसे, हेही सांगतो. पहिली दोन वर्षे गोड खाल्ले की घाम सुटे, छातीत धडधडे, आडवे व्हावे लागे. या भीतीनेच मला आवरून धरले होते. पुढे तो त्रास कमी झाला. एका वेळी फार जेवता येत नव्हते, पण चहा, पेढा, दुधात भिजवलेली बिस्किटे सहज उतरत. बातमीची वाट पाहत कचेरीत बसावे आणि असे काहीतरी तोंडात टाकावे, ही सवय लागली. काट्यावरून उतरल्यावर मात्र यातले काही माझ्या मनात आले नाही. मनात आले ते एवढेच, की देवीने दिलेले परत घेतले.

मग मी उपास धरला. दिवसातून एकदा जेवायचे, शिमग्यापर्यंत. डॉक्टरांनी नेमके उलटे बजावले होते, थोडे थोडे खा, पण पोट रिकामे ठेवू नका. पत्नीने मला त्याची आठवण करून दिली. मी ऐकले नाही तेव्हा ती म्हणाली, "अर्धं पोट डॉक्टरांनी नेलं. उरलेलं तुम्ही उपाशी मारा. मग देवीला नैवेद्य कुठे दाखवायचा तेवढं सांगून ठेवा." मी उपास चालूच ठेवला. वजन थोडे उतरले, त्यामुळे माझा हट्ट अधिकच पक्का झाला. त्या वर्षी मी पालखी वर नेली तर कृपा अजून माझ्यावर आहे, आणि नेता आली नाही तर ती संपली, असे मी मनाशी ठरवून टाकले होते.

पालखीच्या दिवशी खांदेकरी सकाळी पोटभर जेवतात. मी कोरा चहा घेतला. सहाणेजवळ धोंडू ढोल आवळत होता. मला पाहून तो म्हणाला, "दादा, औंदा पालखी उचलनार हायस, का आत बसनार हायस? आत बसनार असलास तर दोन मानसं वाढवतो." सगळे हसले. "तू ढोल फोडू नकोस म्हणजे झालं," मी म्हणालो. त्याने विचारले, "जेवलास काय?" मी खोटीच मान डोलावली. पालखी सहाणेवर पोचताच ढोल वाजवायला ढोलकरी नेहमी पुढे जातात, तसा धोंडू ढोल घेऊन घाटी चढून गेला. आमच्या घरातला दुसरा खांदा आता वरच्या वाडीत होता.

पालखी उठली. सपाटीवर काही वाटले नाही. घाटी लागली तसा दांडा खांद्यात रुतू लागला. मागचे खांदेकरी "जड झाली, जड झाली" म्हणू लागले. पालखी जड झाली म्हणजे देवीला काही सांगायचे आहे, असे आमच्याकडे मानतात. मला वाटले, जे सांगायचे आहे ते मलाच. कातळाच्या वळणाशी डोळ्यांपुढे काळोखी आली. पाठीवरून गार घाम उतरला. पालखी टेकवायची नाही, खांदा दुसऱ्याला द्यायचा नाही, आणि बोलायचे तर उपासाचे सांगावे लागणार. मी दांडा घट्ट धरून चालत राहिलो. 

वरून एक माणूस उतरत होता. खांद्यावर घोंगडी, हातात फडक्यात बांधलेली शिदोरी. मध्यम वयाचा असावा. मागून कुणीतरी ओरडले, "पाव्हण्या, बाजूला हो, देवी येते." तो बाजूला झाला आणि माझ्याकडे पाहत राहिला.

"ह्याचं पाय लटपटतात, तुमाला दिसत नाय काय रे?" तो म्हणाला. कुणी काही बोलायच्या आत त्याने शिदोरी माझ्या मोकळ्या हातात दिली आणि माझ्या मागून दांड्याला खांदा लावला. "सोड."

मी सोडला नाही. "आमच्या घरचा मान हाय," मी म्हणालो. एरवी मी असे बोलत नाही. लहानपणची बोली अचानक तोंडात आली.

"मान तुझाच हाय. तो मी खंय नेतंय? वझं सोड."

मी सोडले. सगळ्यांनी पालखीबरोबर चालणाऱ्या गुरवाकडे पाहिले. गुरवाने पालखीतल्या देवीच्या मुखवट्याकडे एकदा पाहिले आणि म्हणाला, "वाटेत थांबवायची नाय. चला." पालखी वळणापलीकडे गेली.

मी कातळावर बसलो. फडके सोडले. त्यात नाचणीची भाकरी, कांदा आणि गुळाचा खडा होता. दुसऱ्याचे अन्न न विचारता खाणे मला जमत नाही, त्या दिवशी जमले. तुकडा मोडून सावकाश चावत गेलो, डॉक्टरांनी सांगितले होते तसे. थोड्या वेळाने झाडे जागच्या जागी दिसू लागली. वर ढोल वाजत होता, म्हणजे पालखी पोचली होती. माझ्याशिवाय पोचली होती, आणि काही बिघडले नव्हते. पुष्कळ दिवसांनी मला मोकळे वाटले.

मी चढून गेलो तेव्हा धोंडू घाबरा होऊन समोर आला. "पालखी आली नि तू नाय. जीव गेला ना माझा." मी त्या माणसाची चौकशी केली. पालखी सहाणेवर बसल्यावर तो पाया पडला आणि गेला, असे खांदेकऱ्यांनी सांगितले. "तुजाच पाव्हणा ना तो? शिदोरी तुज्याकडं दिलीन म्हनून आमी काय बोललो नाय." तो माझा पाहुणा नव्हता. वरच्या वाडीत तो कुणाचाच नव्हता. तिथून कुडपणकडे एक पायवाट जाते, तो तिकडून गेला असेल. खाली निघालेला माणूस शिदोरी न घेता वरूनच का गेला, हे मला सांगता येत नाही. पुढे कुडपणला आणि पोलादपूरच्या एसटी थांब्यावर मी विचारून पाहिले. माहिती मिळाली नाही. वळणापासून पालखी हलकी झाली, असे खांदेकरी सांगतात. मी तेव्हा दांड्याखाली नव्हतो.

परक्याचा खांदा लागला म्हणून आमचा मान गेला, असा मुद्दा एका वडीलधाऱ्याने काढला. गुरवाने कौल लावला. देवीला दोन्ही अंगांना फुले लावली आणि आम्ही वाट पाहत उभे राहिलो. उजवे फूल पडले, म्हणजे देवीचा होकार. मान घरात राहिला. मी गुरवाला उपासाचे सांगितले. तो म्हणाला, "देवीनं उपास मागितलान कधी? मला तर काय बोलली नाय."

त्या दिवशी पुरणपोळी मी चार वेळा मिळून एक खाल्ली. घरी आल्यावर पत्नीला सगळे सांगितले. तिने डॉक्टरांचा नियम पुन्हा सुरू केला आणि कचेरीतली बिस्किटे बंद केली. वजन काही उतरले, काही राहिले. पुन्हा वाढलेच तर पुन्हा आवरू. काट्यावर मी आजही उभा राहतो, पण तिथे मला फक्त वजन कळते. कृपा मोजायला मी त्याच्याकडे जात नाही. ती वजन उतरल्यावर आली नव्हती, म्हणून वाढल्यावर गेलीही नव्हती. मी सोडावे एवढीच ती वाट पाहत होती, असे मी मानतो.

आता शिमग्यात ढोल दुसरा कुणी घेतो. धोंडू कातळाच्या वळणाशी येऊन उभा राहतो. तिथपर्यंत खांदा माझा. पहिल्या वर्षी त्याने "सोड, दादा" म्हटले आणि मी लगेच सोडला, तेव्हा तो म्हणाला, "येवढ्यात? मला वाटला, भांडावा लागंल."

पालखी वळणापलीकडे जाते. मी त्याच कातळावर बसून तेच फडके सोडतो. भाकरी दोघांची आणलेली असते. माझ्या वाट्याची मोडून खातो आणि वर ढोल वाजू लागला की हात जोडतो. वरून कुणी उतरताना दिसले, तर सरकून जागा करतो.