खोली दोनशे चौदामधला अर्थ

पुएर्तो प्लाता या स्पॅनिशभाषक शहराच्या किनाऱ्यावरच्या एका हॉटेलात एनेइदा एकोणीस वर्षं खोल्या आवरत होती. इंग्रजी ती दारं ठोठावता ठोठावताच शिकली. पाहुण्याच्या तोंडून एखादा वाक्प्रचार पडला की एप्रनच्या खिशातल्या वहीत टिपायची. पुढे खोलीचा नंबर, आणि बोलताना त्याचा चेहरा कसा होता तेही.

रिसेप्शनच्या जागेसाठी इंग्रजी वाक्प्रचारांची तोंडी परीक्षा असे. संधी दोनच. पहिल्या वेळी तिने पुस्तकातले अर्थ घडाघडा म्हणून दाखवले. परीक्षा घेणारा रोसेन्दो तिच्याच गल्लीत वाढलेला. तो म्हणाला होता, "मावशी, ही पोपटपंची झाली. समजून, स्वतःच्या शब्दांत सांगा." नापास.

आज दुसरी वेळ. चादरींच्या कोठीत ती रोसेन्दोसमोर टॉवेलांच्या गठ्ठ्यावर बसली.

"'पाठीची कमान होईतो मागे वाकणे'?" रोसेन्दोने इंग्रजीतून विचारलं.

"खोली दोनशे चौदा. आपलं नसलेलं काम आपण मुकाट्याने केलं, की तिथली पाहुणी बाई असं म्हणून कौतुक करते. दुसऱ्या दिवशी तेच काम हक्काने सांगते."

"'आभाळ हीच मर्यादा'?"

"नोकरीवर घेताना मॅनेजर म्हणतात. नंतर कधीच नाही."

रोसेन्दोने दोन्ही उत्तरांवर काट मारली. "पुस्तकात असं नाहीये, मावशी."

"गेल्या खेपेला पुस्तकातलं सांगितलं तर पोपट! आज माझं सांगितलं तर पुस्तक! तुझ्या बाप्तिस्म्याला मी धर्ममाता झाले असते तर कान पिळला असता, मेल्या. ऐकलंयस कधी कुठल्या पाहुण्याचं बोलणं?"

"ओरडू नका हो."

तेवढ्यात त्याच्या फाइलखालून एक कागद डोकावला. तिने तो ओढून घेतला. तिचंच नाव, टाइप केलेलं. निकाल आधीच तयार होता! शेवटी इंग्रजीत ओळ: आम्ही तुम्हाला मनात ठेवू.

"कुणाला दिली जागा?"

रोसेन्दोने फाइल मिटली. "मॅनेजरांच्या भाचीला. मी काय करणार?"

"लिहायचं काम करशील. ही शेवटची ओळ, हिचा अर्थ सांगते. जागा दुसरीला दिली, आता तोंड दाखवू नका. लिही माझ्या नावापुढे. आणि खाली तुझी सही कर."

"मावशी, माझी नोकरी जाईल."

"माझी येणार होती."

वरच्या मजल्यावरून घंटी वाजली. दोनशे चौदा. मग पुन्हा वाजली. एनेइदा गठ्ठ्यावरून हलली नाही. तिने पेन त्याच्यापुढे धरलं होतं.