मिरचीचे हात

वडील गेल्यावर आम्ही तिघीच उरलो. आई, मी आणि माझ्याहून सात वर्षांनी लहान बहीण. आई नंदुरबारबाहेर मिरच्या वाळवायच्या पथारीवर देठं खुडायला जायची, मी शाळेत. बहीण बोलत नसे आणि दार उघडं दिसलं की थेट रस्त्याकडे पळे. म्हणून निघताना तिला ओढणीने खाटेच्या पायाला बांधावं लागे. शेजारची आजी मधूनमधून पाणी पाजून जायची. गाठ मी मारायची. लिहायला जड जातं, पण गाठ माझीच असायची.

संध्याकाळी आई आली की बहीण किंचाळत कोपऱ्यात जायची. आईने हात लावला तर भिंतीवर डोकं आपटायची. माझ्या हातून मात्र मुकाट जेवायची. गल्लीतल्या बाया म्हणाल्या, बाहेरचं आहे. भगत झाला, अंगारा झाला. शेवटी आईने स्वतःच अर्थ लावला. "मी तिले बांधेल ठेईसन जास ना, म्हनीसन ती मन्हावर रुसेल शे." आणि तिने लेकीला हात लावणंच सोडलं. शाळेच्या घाईत वेणी कोण घालणार? बहिणीचे केस मी कात्रीने बारीक कापून टाकले.

मी बी.ए. झाले. आमच्या कुळात पदवी घेणारी मी पहिली. प्रमाणपत्र दारासमोरच्या भिंतीवर लावलंय, त्यात लाजायचं काय? बहिणीला सरकारी दवाखान्यात नेलं तेही मीच. तिला स्वमग्नता आहे, हे तिथे कळलं. मग मोबाइलवर बघून मी चित्रांचे तक्ते केले, भिंतीवर वेळापत्रक चिकटवलं. तिने ते फाडून चघळले.

दवाखान्यात महिन्यातून एकदा येणाऱ्या थेरपिस्ट बाई माझे तक्ते बघून म्हणाल्या, "हे दुसऱ्या मुलांसाठी चांगलं असेल. हिचं हिच्याकडूनच शोधावं लागेल. ती कधी ओरडते, जवळ कोण असतं, वास कसला, आवाज कसला, रोज लिहून ठेवा."

महिनाभर लिहिलं. सगळं पुन्हा वाचताना एका पानावर थांबले. आईला ताप आला होता, ती तीन दिवस पथारीवर गेली नव्हती. तिसऱ्या दिवशी बहीण आपणहून तिच्या खाटेपाशी येऊन बसली होती.

मिरचीचा हात दोनदा साबणाने धुतला तरी डोळ्याला लागला की जळतो. हे मला पाटी-पेन्सिलीच्या वयापासून ठाऊक होतं. पण आमच्या घरात ती आग सगळ्यांच्या अंगवळणी पडलेली. एकीच्या पडली नसेल, हे सुचलंच नाही.

आईला सांगितलं. तिने आपले तळवे नाकाशी नेले.

"म्हनजे तिले मी नको, असं नही व्हतं?"

"नही माय."

"मंग इतला वरीस मी तिले काबर हात लाया नही?"

पदवी होती माझ्याकडे. मी तिच्या हातावर पाणी ओतलं.

त्या दिवसापासून आई पथारीची साडी अंगणातल्या न्हाणीतच बदलू लागली. हाताला आधी तेल, मग राख, मग ताक. शेजारची आजी हसली, "चार बुकं वाचात नि मायले हात धोवानं शिकाडी ऱ्हायनी!" हसली खरी, पण ताक तिच्याच घरून यायचं. दाराला अर्धं फाटक बसवलं आणि दिवसभर आजी आमच्याच ओट्यावर बसू लागली.

पहिले दोन महिने काहीच झालं नाही. भीतीची सवय हातांसारखी धुता येत नाही. आई रोज फणी मध्ये ठेवून हातभर लांब बसायची, मग उठून भाकरी टाकायची. एकदा घाईत तशीच, पथारीच्या साडीवर जवळ गेली आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं. त्या दिवशी चुलीपुढे आई रडली. धुरामुळे म्हणाली. मी मान्य केलं.

बहीण आज एकोणीस वर्षांची आहे. अजून बोलत नाही. तिच्या लहानपणातलं एकही वर्ष आईला परत मिळालेलं नाही. पण ओढणी आता लागत नाही, केस खांद्याखाली आलेत, आणि रोज सकाळी ती फणी आईपुढे ठेवून पाठमोरी बसते. आई तिची वेणी घालते.