खिळ्यावरची करवंटी

माझी मुलं तिला बार्बेक्यू म्हणायची. वटार गावातल्या आमच्या घरात ती नुसती जाळीवरची कोंबडी होती आणि तिचं माप होतं एक करवंटी, सासूबाईंच्या आजेसासूच्या वेळची. आत सुरीनं पाडलेल्या दोन रेघा: खालच्या रेघेपर्यंत मसाला, वरच्या रेघेपर्यंत ताडीचा आंबट शिरका. ती स्वयंपाकघरात खिळ्याला टांगलेली असे. सासूनं स्वतः हातात दिल्याशिवाय सुनेनं तिला हात लावायचा नाही, असा रिवाज. लग्नाला चौदा वर्षं झाली तरी मी आपली लसूण सोलायची, जाळी घासायची आणि बोलणी खायची. राग यायचा, खोटं कशाला बोलू?

मग सासूबाईंना अर्धांगवायू झाला. वाचा गेली. इस्पितळातून घरी आणलं तर तोंडच उघडेनात. दोन दिवसांत खाल्लं नाही तर नाकातून नळी घालावी लागेल, असं डॉक्टरांनी बजावलं. शेवटी मी विचारलं, "आई, जाळीवरची कोंबडी करू?"

त्यांनी मान हलवली आणि डाव्या हातानं स्वयंपाकघराकडे बोट दाखवलं. करवंटी घे, म्हणाल्या जणू. मला रडूच फुटलं.

निखारे पडायला वेळ लागतो, म्हणून आधी परसात टोपलीभर करवंट्या पेटवल्या. मग माप घ्यायला आत गेले, तर खिळा रिकामा. त्या घरी येणार म्हणून मीच भिंतींना चुना लावला होता. भिंतीवरचं सगळं उतरवून हाताला लागेल तिथं ठेवलं होतं आणि ती करवंटी जळणाच्या टोपलीत.

धावले. काठीही न घेता विस्तवात हात घातला. सगळ्या करवंट्या सारख्याच लाल झाल्या होत्या.

मग केलं अंदाजानं. शिरका जास्त पडला, मसाला करपला. चार पिढ्यांची चव मी एका दुपारी घालवली होती. कोंबडीचे बारीक रेशे काढून त्यांच्यासमोर बसले आणि सांगून टाकलं, "आई, करवंटी जळली. माझ्याच हातानं."

त्या माझ्या भाजलेल्या बोटांकडे बघत राहिल्या. मग घास घेतला. मीठ जरा कमी पडलं तरी ताट परत पाठवणारी ती बाई. मी त्यांचं तोंड वाकडं व्हायची वाट पाहत होते.

"चुकलंय ना, आई? मान तरी हलवा."

त्यांनी घास गिळला आणि पुन्हा आ केला.