टाचा घासायचा दगड

ज्या एका माणसाचे ऋण मी सर्वांत जास्त मानतो, ती माझी थोरली बहीण मैनाबाई. आमच्याकडे थोरल्या बहिणीला नुसते ‘बाई’ म्हणतात, म्हणून मीही तिला तेच म्हणतो. आणि बाई म्हटले की मला आधी तिचा चेहरा आठवत नाही, आठवतो तो एक आवाज. खर्र, खर्र, खर्र. ओल्या टाचेवर खडबडीत दगड घासल्याचा. गेल्या हिवाळ्यात एका सकाळी चामोर्शीच्या माझ्या घरात न्हाणीतून तो आवाज आला आणि मी चहाचा कप हातात धरून तसाच उभा राहिलो. शाळेत मुलांना भूगोल शिकवणारा, चाळिशी ओलांडलेला मी पुन्हा आमच्या गावच्या नाल्याच्या काठी, एका गुळगुळीत खडकावर, पाय पुढे करून बसलो होतो!

तेव्हा मी सहा वर्षांचा होतो. आई नुकतीच गेली होती. बाईचे लग्न गावातच झालेले, घर आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. मला आश्रमशाळेत घालायचे तिनेच ठरवले, कुणाला न विचारता. जाण्याच्या दिवशी तिने मला नाल्यावर नेले आणि माझ्या काळ्याठिक्कर टाचा लालबुंद होईपर्यंत दगडाने घासल्या. मी ओरडत होतो आणि ती घासत होती. “मास्तर पाय पाह्यते, बापू. मळके दिसले तं परत धाडते,” असे तिला कुणीतरी सांगितले होते. मास्तरांनी माझ्या पायांकडे ढुंकूनही पाहिले नाही. डोक्यावरून हात नेऊन पलीकडचा कान धरायला लावला, हात पुरला, आणि नाव लागले. बाहेर उभ्या असलेल्या बाईला मी तक्रारीच्या सुरात म्हणालो, “पाय पाह्यलेच नाई.” ती म्हणाली, “नसन पाह्यले. पण तू स्वच्छ पायानं शाळेत गेला का नाई?”

माझ्या पदवीच्या कागदावर माझे नाव आहे, विद्यापीठाचा शिक्का आहे, त्या दगडाची खूण मात्र कुठेच नाही. आपल्या आयुष्यातल्या किती थोर गोष्टी अशा बिनशिक्क्याच्या राहून जातात!

त्या सकाळी बाई स्वतःच्या टाचा घासत होती. तिला गडचिरोलीला, स्त्रियांच्या दवाखान्यात जायचे होते.

झाले असे. धानाची कापणी आटोपून बाई आमच्याकडे आठ दिवसांसाठी आली. माझ्या पत्नीच्या, सुनीताच्या, तिसऱ्याच दिवशी लक्षात आले की बाई सगळ्यांच्या आधी उठते, एक फडके धुते, आणि ते उन्हात न टाकता आपल्या ओल्या लुगड्याखाली वाळत घालते. बाईची पाळी जाऊन चार वर्षे झाली होती. मग हे काय? सुनीताने विचारले तेव्हा बाई आधी हसली. “काई नाई वं, अंगात उष्णता झाली.” मग म्हणाली, “आन् बापूले सांगू नको.” सुनीताने ते मला सांगितलेच. इतके मलाही वाचून ठाऊक होते की थांबलेला रक्तस्राव पुन्हा सुरू झाला तर तो अंगावर काढायचा नसतो. कारण किरकोळ असू शकते, आणि कर्करोगही असू शकतो. पण ज्या बहिणीने मला आईसारखे वाढवले, तिच्यापाशी हा विषय काढायचा कसा? मी अंगणात गेलो, तिच्या शेजारी बसलो, धानाचे कसे काय विचारले, आणि उठून आत आलो.

तिने का लपवले, हे मात्र मला विचारावे लागले नाही.

आमच्या गावाच्या कडेला एक ठेंगणी झोपडी आहे. तिला कुर्मा म्हणतात. पाळीच्या दिवसांत बायका तिथे राहतात. स्वयंपाकाला, पाण्याला, देवाच्या वस्तूंना हात लावायचा नाही. पुरुषांनी तिकडे फिरकायचे नाही. मी ती झोपडी आतून कधी पाहिली नाही, पण तिची भिंत मला घरच्या भिंतीइतकी ओळखीची आहे. आई गेल्यानंतर, आश्रमशाळेच्या सुट्टीत मी घरी आलो की बाईच मला रांधून घाली. ती कुर्म्यात बसली की माझी चूल विझे. बाबा जंगलात गेलेले असत. मग मी दूर मोहाच्या झाडाखाली उभा राहून ओरडायचो, “बाई, भात कसा करू?” आणि त्या भिंतीतून तिचा आवाज यायचा, “तांदूळ धुतले का? बोट बुडव. दुसऱ्या पेरापर्यंत पाणी!” मी पळत घरी जायचो, बोट बुडवायचो, पळत परत यायचो. “उतू चाललं, बाई!” “मंग झाकण काढ ना, येड्या!” आणि आतून सगळ्या बायकांचे हसणे फुटायचे. जी झोपडी पावसात गळते म्हणून बायका रडकुंडीला येत, तिच्यातूनच इतके मोकळे हसू कसे येई? दोन्ही खरे होते, एवढेच मला आज म्हणता येते. भात करायला मी तिथेच शिकलो, एका भिंतीकडून.

चार वर्षांपूर्वी बाई त्यातून सुटली. देवाला दाखवायचा नव्या धानाचा पहिला भात आता तिच्या हातचा असतो, पाहुण्यांना वाढायचा मान तिचा असतो. आणि आता, घरात सून आलेली असताना, तिने पुन्हा कुर्म्याची वाट धरायची? सुनीताने तिला खूप समजावले तेव्हा ती एकदाच मनापासून बोलली. “सुनेले मीच शिकवलं, असं बसा लागते, तसं बसा लागते. आता म्हातारपणी तिनं मले बाहेरून ताट सरकवाव काय? अन् देवाच्या तांदळाले या वर्षी मी हात लावला, सुनीते. हे समजलं तं?”

हीच तिची खरी भीती होती. रोगाची नव्हे, त्या तांदळाची.

मग मी तिच्यासमोर गेलो. मान खाली घालूनच म्हणालो, “बाई, गावात काईच समजणार नाई. गुडघ्याचं दुखणं सांगू. पण तू चाल.” तिने माझ्याकडे पाहिले. मग म्हणाली, “तुले सांगतलं का तिनं? बायकोच्या पोटात काई राह्यत नाई का रे?” आणि पदर तोंडाला लावून हसली. त्या हसण्यात होकार होता.

आमच्या घरात तयारी सुरू झाली. मी शिकलेला माणूस, म्हणून मी डॉक्टरांना दाखवायचा कागद केला. वळणदार अक्षरात नाव लिहिले, वय अंदाजे पंचावन्न, अपत्ये तीन. त्रास कधीपासून, या ओळीपाशी थांबलो. सुनीता म्हणाली, बाई म्हणते झाले काही दिवस. मी स्वतःच विचार करून लिहिले, ‘तीन महिने’. ज्या बाईला तारीख वाचता येत नाही, तिला आठवणार तरी काय, असे मला वाटले. हा माझा अपराध मी इथे मुद्दाम नोंदवून ठेवतो.

सुनीताने नवा परकर आणला. आतल्या टेबलावर कसे झोपवतात, पाय कसे वर ठेवायला लावतात, तपासणी किती वेळ चालते, सारे तिने बाईला खालच्या आवाजात सांगितले. मी बाहेरच्या खोलीत वर्तमानपत्र उलटे धरल्यासारखा बसलो होतो. एवढे ऐकून बाईने एकच प्रश्न विचारला, “पाय वर? म्हणजे टाचा डॉक्टरीनबाईच्या तोंडापुढे?” आणि ती आपल्या टाचांकडे पाहू लागली. पन्नास वर्षांचा चिखल, तेंदूपत्त्याचे रान, शेताच्या धुऱ्यावरचे काटे, सारे त्या भेगांत उतरले होते. सकाळी तिने पिशवीतून दगड काढला. गावाहून ती तो सोबत घेऊनच येते. आणि खर्र, खर्र, तो आवाज सुरू झाला. आता सांगा, मी चहा कसा पिणार होतो?

निघताना तिने पळसाच्या पानात चारोळी बांधून घेतली. “हात हालवत कोणाच्या घरी जाव काय?” दवाखाना म्हणजे कुणाचे घर नव्हे, असे म्हणावेसे वाटले, पण म्हटले नाही.

गडचिरोलीच्या दवाखान्यात सोनोग्राफीसाठी तिला पाणी प्यायला सांगितले. दोन बाटल्या संपल्यावर ती सुनीताला म्हणाली, “हे तपासून राह्यले का बुडवून राह्यले?” बाकावरच्या दोन अनोळखी बायका हसल्या, आणि घटकाभरात तिघींची ओळख झाली. मग नाव पुकारले गेले. दोघी आत गेल्या. मी पिशवी मांडीवर घेऊन बाहेर, कुर्म्यापासून दूर त्या मोहाच्या झाडाखाली उभा राहायचो तसा, एका दाराकडे पाहत राहिलो. माझ्या ओरडण्याला या दारातून उत्तर येणार नव्हते.

आत काय झाले ते सुनीताने नंतर सांगितले. डॉक्टरबाईंनी माझा कागद वाचला, “तीन महिने?” असे विचारले. बाईने मान हलवली. “ते कागद बापूचं आहे. माहं हे आहे.” आणि कमरेतून तिने एक फडके काढले. त्याला चार गाठी होत्या. पहिली गाठ मोहफुले वेचायच्या दिवसांतली, दुसरी तेंदूपत्त्याच्या, तिसरी धानाच्या रोवणीच्या, चौथी कापणीच्या. गाठी सोडल्या आणि टेबलावर चिंचोके पडले. रक्त गेलेल्या प्रत्येक दिवसाला एक चिंचोका. जास्त गेले त्या दिवसाला मोठा, डाग लागला त्या दिवसाला लहान. पाळीचे दिवस मोजायला तिला कुर्म्यातल्या म्हाताऱ्या बायकांनी शिकवले होते, आणि ज्या झोपडीला ती भीत होती, तिथलेच शिक्षण तिने इतके महिने कमरेला बांधून ठेवले होते. डॉक्टरबाईंनी एकेक चिंचोका पेन्सिलीच्या टोकाने बाजूला सारत मोजला. मग माझ्या सुंदर अक्षरातले ‘तीन महिने’ खोडून लिहिले, ‘आठ-नऊ महिने, चार वेळा’. आणि म्हणाल्या, “मावशी, इतकं नीट मला शिकलेल्या बायकासुद्धा सांगत नाहीत.”

तपासणी झाली. आतला एक नमुना घेऊन तो पुढे पाठवला. उत्तर यायला काही दिवस लागणार होते. बाई बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा उतरला होता. मी उठून उभा राहिलो. तीच म्हणाली, “एवढं घासलं बापू, डॉक्टरीनबाईनं पाय पाह्यलेच नाई!”

छत्तीस वर्षांनी माझेच वाक्य माझ्याकडे परत आले होते. मला तिचे उत्तर पाठ होते, पण ते देण्याऐवजी मी पिशवी खांद्याला अडकवली आणि तिला हात देऊन बाहेर नेले.

दुसऱ्या दिवशी ती गावी गेली. वाट पाहण्याचे दिवस मी कसे काढले ते सांगत नाही. शाळेत नकाशावर नद्या दाखवताना माझा हात मध्येच थांबे, एवढेच सांगतो. शेवटी उत्तर आले. सुनीता आणि मी पुन्हा डॉक्टरबाईंपुढे बसलो आणि त्या जे म्हणाल्या ते मी दोनदा म्हणवून घेतले. त्यानंतर बाईला कळवायचे होते. गावात मोबाइलला रेंज फक्त टेकडीवर येते, फोन भाच्याच्या खिशात असतो, आणि बाई फोनवर बोलली की अख्खी टेकडी ऐकते. म्हणून मी पत्र लिहिले आणि गावाकडच्या गाडीच्या चालकाजवळ दिले. पत्र वाचणार होती तिची सून, आणि वाचणार होती अंगणात, चारचौघांत. आयुष्यात पहिल्यांदा मला शब्द जपून वापरण्याचा अर्थ कळला. त्या पत्राची प्रत माझ्याजवळ आहे, ती अशी:

“बाई, जोहार.

आमी सगळे बरे आहो. दवाखान्याचं कागद आलं. ज्याचं भेव होतं ते नाई. मी डॉक्टरीनबाईले दोनदा विचारलं, तिनं दोनदा नाई म्हणून सांगतलं. आता पोटभर जेव. दवाखान्यात एक लहानसं काम राह्यलं आहे, सकाळी जाऊन संध्याकाळी घरी. त्याच्यासाठी या महिन्यात एकदा येजो. तुहं ते फडकं अन् चारही गाठी घेऊन येजो. माह्या कागदापेक्षा तुहं कागद खरं निंगालं.

सूनबाई, तू वाचून राह्यली म्हणून तुलेही सांगतो. तुले कधी काई दुखलं-खुपलं तं कोणाले भिऊन लपवू नको. चामोर्शीले मामाचं घर आहे, मामीले सांगजो.

बाई, तुहा दगड इथीच राह्यला. सुनीतानं धुऊन न्हाणीच्या खिडकीत ठेवला, मी कोणाले हात लावू देत नाई. येशीन तवा या बारीले टाचा मी घासून देईन. डॉक्टरीनबाई पाय पाह्यत नाई, मले माहीत आहे. तरी घासून देईन.

तुहा बापू”