शेजारच्या आजींची नाइन

चूक माझी होती. ती कळल्यावर मी बारा दिवस गप्प बसलो, ही दुसरी चूकही माझीच. ज्या दोघांना त्याचा त्रास झाला त्यांनी मला केव्हाच मोकळं केलंय, म्हणून हे लिहायचं धाडस होतंय.

कोरोनाचा पहिला हिवाळा होता. इथे परदेशात, ग्लेन वेव्हर्ली नावाच्या उपनगरात, आमचं घर आणि शेजारचं घर यांच्यामध्ये खांद्याएवढं लाकडी कुंपण आहे. पलीकडे ऐंशी ओलांडलेल्या एक बाई एकट्या राहतात. जन्म इथलाच. आमची मुलगी त्यांना आजी म्हणते, म्हणून आम्हीही. त्यांचा थोरला भाऊ केअर होममध्ये होता आणि तिथल्या भेटी बंद झाल्या होत्या. रोज दुपारी चारला आजी मागच्या व्हरांड्यात बसून त्याला फोन लावायच्या. त्याला कमी ऐकू यायचं, त्यामुळे दोघांचं भांडण आणि हसणं आमच्या स्वयंपाकघरापर्यंत पोचायचं. आमच्या मुलीची 'आजी' ही हाक फोनवर ऐकून तो ती इंग्रजी अक्षरं समजला आणि बहिणीला 'ए. जे.' म्हणायला लागला होता.

त्याच हिवाळ्यात साताऱ्याला माझे वडील गेले. सीमा बंद होत्या. मी त्यांना फोनच्या स्क्रीनवर शेवटचं पाहिलं. दुसऱ्या दिवसापासून आजी कुंपणावर झाकलेलं पातेलं ठेवू लागल्या. बहुतेक वेळा भोपळ्याचं सूप असायचं. मग खुर्ची ओढून त्या पलीकडे बसायच्या, मी अलीकडे. बोलायच्या काहीच नाहीत. तेरा दिवस त्यांनी हे केलं. आमच्यात तेरा दिवस असतात हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

म्हणून चौदाव्या दिवशी त्यांनी बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा पुढे केला, तेव्हा मला हायसंच वाटलं. मला काहीतरी करून द्यायचं होतं.

"तू कॉम्प्युटरवाला ना? माझी नाइन वेल्समधल्या कुठल्या गावातून आली ते शोधून दे. आम्ही दोघंच उरलोय. तो जायच्या आत त्याला सांगायचंय."

नाइन या नावाने त्या बोलत होत्या ती त्यांची आजी. आईची आई. "नाइन का म्हणायचे?" असं मी विचारायला हवं होतं. विचारलं नाही. डब्यात एक फोटो होता आणि बोटीच्या तिकिटाचा तुकडा. त्यावर नाव आणि आडनाव होतं. पण वेल्समध्ये आडनावं इतकी थोडी, की एका गल्लीत त्याच नावाच्या चार मुली सापडायच्या. मी सॉफ्टवेअर टेस्टर आहे. दुसऱ्यांच्या चुका शोधायचा पगार घेतो. मला वाटलं, धागा समोरच आहे. नाइन म्हणजे नऊ. नववं अपत्य असणार, म्हणून लाडाने नाइन.

तीन आठवडे मी जुन्या जनगणनेच्या नोंदी चाळल्या आणि दक्षिणेकडच्या एका कोळसा खाणीच्या गावात ते कुटुंब सापडलं. नऊ मुलं, नववी मुलगी, नाव तेच, वयही जुळत होतं. तिच्या इथल्या लग्नाचा दाखला मागवून पडताळायला हवं होतं. ऑफिसात कुणी असं सोडलं असतं तर मी त्याला फाडून खाल्लं असतं. इथे मात्र सगळं जुळलं याच आनंदात मी वंशवृक्ष छापला, लॅमिनेट केला आणि कुंपणावरून दिला.

आजींनी तो छातीशी धरला. "नववी! आणि आम्हाला कधी सुचलंच नाही."

त्या दिवशीचा चारचा फोन मी कान देऊन ऐकला. शाबासकी ऐकायची होती मला.

"कोळसा?" स्पीकरवर भाऊ ओरडला. "काहीतरीच! नाइनचा बाप पाटीचा दगड फोडायचा. चुलीच्या वर त्याने कोरलेला तुकडा होता, आठवत नाही?"

"तुला काल काय जेवलास ते आठवत नाही. इथे कागद आहेत माझ्याकडे!"

"कुणी दिले?"

"शेजारच्याने. शिकलेला आहे तो. तुझं डोकं गेलंय, डोकं!"

फोन पलीकडून बंद झाला. दुसऱ्या दिवशी चारला आजी व्हरांड्यात आल्या नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाही. मी स्वतःला समजावलं की भावाबहिणींचं असं चालतंच.

रविवारी आईला व्हिडिओ कॉल केला. मी आईला लहानपणापासून वहिनी म्हणतो.

"वहिनी, प्रेशरची गोळी घेतलीस का?"

मुलगी मागून वाकून म्हणाली, "बाबा, धिस इज सो वीअर्ड. कुणी आपली फॅमिली ट्री केली ना, तर त्यांना वाटेल आजी तुझ्या भावाची बायको आहे!"

आई खळखळून हसली. वडील गेल्यानंतर पहिल्यांदा. "अगं, याचे काका मला वहिनी म्हणायचे. ते ऐकून हाही म्हणायला लागला. नात्याचा शब्दच नाव होऊन बसला."

मी कॉल कसाबसा संपवला. आजीला वेल्समध्ये काय म्हणतात, हे शोधायला एक मिनिट लागलं. उत्तरेत म्हणतात नाइन. दक्षिणेत वेगळाच शब्द आहे. आकड्याशी त्याचा काही संबंध नाही. नाइन म्हणजे नुसतं आजी. आणि तो उत्तरेतला शब्द असल्याने कोळशाचं दक्षिणेतलं गाव तिथेच बाद होत होतं. लग्नाचा दाखला मागवला. वडिलांचा व्यवसाय: पाटीच्या दगडाच्या खाणीत कामगार. आईने माहेरून आणलेल्या पाटीवर मी अक्षरं गिरवली होती, तोच काळा दगड.

त्यानंतरचे बारा दिवस मी कुंपणाकडे फिरकलो नाही. कचऱ्याचा डबाही आजी आत गेल्यावर बाहेर ठेवायचो. दोनदा ईमेल लिहिली. 'नव्याने मिळालेल्या माहितीनुसार' अशी सुरुवात होती. दोन्ही पुसल्या. बारावा दिवस उजाडला तेव्हा बातमी आली की त्या केअर होममध्ये एका कर्मचाऱ्याला कोरोना झालाय.

बायकोला मी तेव्हा सगळं सांगितलं. तिने भांडी घासणं थांबवलं नाही.

"म्हणजे त्यांचा फोन तुझ्यामुळे बंद आहे. आणि तू लपून बसलायस. तुझ्या वडिलांशी शेवटचं बोलायचं राहिलं म्हणून किती रडलास. त्यांचं राहिलं तर?"

मी मास्क चढवून थेट बाहेर गेलो. आजी गुलाब छाटत होत्या. मास्कमधून जमेल तसं मी सांगितलं, नऊचं, दाखल्याचं, बारा दिवसांचंही. त्यांनी कात्री खाली ठेवली.

"म्हणजे त्या म्हाताऱ्या बोकडाचं खरं होतं."

"हो."

"आणि मी त्याला म्हटलं, डोकं गेलंय."

"माझ्यामुळे म्हटलंत."

"तोंड माझंच होतं, बाळा." त्या घरात गेल्या. मला वाटलं आता दार लागणार. त्या फोन घेऊन परत आल्या, नंबर लावला, स्पीकर सुरू केला आणि फोन कुंपणाच्या खांबावर ठेवला. नेहमी पातेलं ठेवायच्या तिथेच. चार वाजायला अजून अवकाश होता.

"कोण?"

"मी, ए. जे. बरा आहेस ना?"

"बरा आहे. कोळसा संपला वाटतं."

आजींनी तोंडावर हात ठेवला. हसत होत्या की रडत होत्या, मला कळलं नाही. मग दुसऱ्या हाताने त्यांनी मला खूण केली.

मी फोनजवळ वाकलो आणि त्याला ऐकू जावं म्हणून मोठ्याने बोललो. मागच्या गल्लीतही ऐकू गेलं असेल. "मी शेजारचा. तुमची नाइन उत्तरेतली. तिचे वडील पाटीचा दगड फोडायचे. तुम्हाला सगळं बरोबर आठवत होतं. मी न विचारता ठरवलं, न तपासता छापलं आणि कळल्यावर बारा दिवस लपून बसलो. त्या दिवसांत तुमच्या बहिणीने फोन केला नाही, तो माझ्यामुळे. मी चुकलो. मला माफ करा."