नगरसेवक खरा निघाला

परवा मी काय माती खाल्ली, ऐकायचंय? बसा, चहा घ्या. माझ्यात हसायचं त्राण नाहीये, तुम्हीच हसून घ्या.

तुम्हाला माहितीये, मी बातम्या फक्त रील्सवर बघते. एका रीलमध्ये नेता शपथ घेतो, दुसरीत तोच शपथ मोडतो, तिसरी म्हणते आधीच्या दोन्ही खोट्या! रोज हेच बघून माणसाचं काय होणार? माझा कुणावर भरवसाच उरला नाही. पुढाऱ्यांवर तर नाहीच नाही.

त्यात आमच्या कॅम्प पाच भागातल्या बिल्डिंगपुढचं गटार तुंबलं. पाणी थेट तळमजल्यावरच्या भाभींच्या दारात. "बेटी, नगरसेवक को मेसेज डाल ना," म्हणून त्या मागेच लागल्या. टाकला, आणि विसरले. उत्तर येतंय थोडंच!

रविवारी फोन वाजला. "हॅलो बेटा, तुमच्या वॉर्डचा नगरसेवक बोलतोय."

"हो का? मी पंतप्रधान बोलतेय."

"अगं, गटाराची तक्रार तूच केलीस ना?"

"वा! डेटा पण चोरलात? आता ओटीपी मागा."

"ओटीपी कशाला? खाली ये, गटार दाखव."

"आवाज भारी बनवलाय हां एआयने! मागे कुत्रा पण भुंकतोय. फुल सेटिंग!"

तोच कुत्रा मला खिडकीतूनही ऐकू येत होता. पण शंका आली? छे!

तेवढ्यात गॅलरीतून आई ओरडली, "अगं, खाली बघ! एक माणूस फोनवर 'मी खरा आहे, मी खरा आहे' म्हणून बोंबलतोय. लोक जमलेत!"

खाली गेले. साक्षात नगरसेवक! पँट दुमडून चिखलात उभे, सोबत सफाई कामगार. जमीन दुभंगली असती तर मी उडीच मारली असती. पण जमिनीवर गटाराचंच पाणी.

"सॉरी काका," कसंबसं म्हटलं.

ते रागावलेसुद्धा नाहीत. थकून म्हणाले, "असू दे बेटा. सकाळपासून तू तिसरी."

गटार मोकळं झालं. भाभींचा ऊर भरून आला. मला वाटलं, एवढं एक खरं तरी जगाला दाखवावं. गटारापाशी उभी राहिले, व्हिडिओ काढला, "मित्रांनो, हे खरंच झालंय" म्हणाले आणि टाकला.

कॉमेंट आल्या. "पेड है." "इलेक्शन आलं वाटतं."

आणि स्नेहल, कॉलेजात रोज माझ्याच बाकावर बसणारी माझी मैत्रीण, तिने काय लिहावं?

"गटार ओरिजिनल वाटतंय. मुलगी एआय आहे."