गाऱ्हाण्यातली रिकामी जागा

मी निघालो त्या सकाळी बाबांनी खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, गाऱ्हाणं घातलं. ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्या मालवणी मुलखात कुठलंही मोठं काम आधी देवाच्या कानावर घालावं लागतं. घरातला कर्ता माणूस पानाचा विडा आणि नारळ ठेवून ग्रामदेवतेपासून वेशीवरच्या राखणदारापर्यंत सगळ्यांना हाका मारतो, एकेक मागणं मागतो आणि प्रत्येक मागण्यापाशी थांबतो. मग जमलेल्या माणसांनी एका आवाजात म्हणायचं, "व्हय म्हाराजा." ते म्हटलं नाही तर मागणं पोचत नाही. नुसत्या मागणाऱ्याच्या जिवावर गाऱ्हाणं होत नसतं.

"बा देवा म्हाराजा," बाबा म्हणाले, "आज ह्या तुझा लेकरू पोटासाठी परमुलखाक जाता हा. तेच्या वाटेत काय आडनड येत आसात तर ती दूर कर रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा." काका, दादा आणि वाडीतली माणसं.

"परक्या मुलखात तेका कोणाची नजर लागा नये, अन्नपाण्याक कमी पडा नये. आणि जसा गेला तसा सुखरूप घराक आणून सोड रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

मी मात्र गप्प होतो. कुडाळच्या एका लाउडस्पीकरवाल्याकडे मी काम करायचो. लग्नं, सत्यनारायण, दशावतारी नाटकं, सगळीकडे माईक लावायला मी. फोन खिशात ठेवून गाऱ्हाणं रेकॉर्ड करत होतो, आणि रेकॉर्डिंग चालू असताना आपण हूं की चूं करायचं नाही हे इतकं अंगवळणी पडलं होतं की तोंड उघडायचं सुचलंच नाही. आई दारात उभी होती. बायकांनी गाऱ्हाण्यात बोलायचं नाही असा काही लेखी नियम नाही, पण आमच्या खळ्यात त्या बोलत नसत. ती तेवढ्यात माझ्या बॅगेत कोकमाची सोलं कोंबत होती. विमानात वजनाची मर्यादा असते हे सांगून काही उपयोग नव्हता. "ता इमान हत्तींका घेवन जाता, माझ्या सोलांचा काय ओझा होतला?" हे तिचं म्हणणं.

दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कात आमच्या कंपनीचं गोदाम होतं आणि गोदामामागे राहायची खोली. कॉन्फरन्स, लग्नं, मॉलमधले लकी ड्रॉ, सगळीकडे आमचे स्पीकर जायचे. सुपरवायझर "यल्ला यल्ला" करत उठवायचा आणि काम संपलं की "खलास" म्हणून व्हॅनमध्ये भरायचा. खोलीतला एसी कधी थांबत नसे. थांबलाच तर आम्ही सगळे एकदम दचकून जागे व्हायचो. गावी शांतता असते असं म्हणणारा माणूस गावात राहिलेला नसतो. तिथे रातकिडे असतात, माडाची झावळ पडते, कुणाची तरी म्हैस ओरडते. इथे फक्त ती घरघर, आणि तिच्याखाली बाबांचा आवाज. फोन कानाला लावून मी ते गाऱ्हाणं ऐकत झोपायचो. मला बरं वाटायचं, असं प्रामाणिकपणे सांगतो. तेव्हा त्यात भीती नव्हती.

एकदा शारजातल्या जुन्या वस्तीत, समुद्री दगडाच्या एका घरात, तिथल्या कलासंस्थेच्या प्रदर्शनासाठी स्पीकर लावायला आम्हाला पाठवलं. तिथे जुडिथ भेटली. पांढऱ्या केसांची, वयानं माझ्या आईहून थोरली इंग्रज बाई, पायात पुरुषी बूट. काम सुरू करण्याआधी ती म्हणाली, मला या खोलीचा आवाज घ्यायचा आहे, सगळ्यांनी गप्प राहा. खोली रिकामी असली तरी तिला स्वतःचा आवाज असतो, भिंतींचा, हवेचा. आमच्या धंद्यात त्याला रूम टोन म्हणतात. आमच्या पोरांपैकी कुणी खाकरला, कुणाची चप्पल वाजली, कुणाच्या खिशात फोन थरथरला. मी हललो नाही. संपल्यावर तिनं हेडफोन काढले आणि थेट माझ्याकडे बघितलं.

"यू नो हाऊ टु बी क्वाएट," ती म्हणाली.

गप्प राहता येतं म्हणून मला नोकरी मिळाली. गावी आईला सांगितलं तर तिला खरं वाटेना. "शाळेत गप ऱ्हवलस आसतस तर मास्तर झालो आसतस," म्हणाली. त्यानंतर दरवर्षी थंडीत जुडिथ यायची आणि मी तिचा टेक्निशियन व्हायचो. पुढे तर मी पूर्णवेळ त्याच संस्थेत लागलो, लग्न झालं, अल नहदामध्ये फ्लॅट घेतला, मुलगी झाली. मी तिच्याशी मालवणीत बोलतो आणि ती मला इंग्रजीत उत्तर देते. घरातल्या घरात आमचं असं चाललेलं असतं.

जुडिथची गोष्ट तिनं मला तुकड्यातुकड्यांनी सांगितली, बहुतेक वायरी गुंडाळताना. उत्तर इंग्लंडातल्या गिरणगावात ती वाढली. आई मागावर काम करायची आणि मागांच्या खडखडाटानं तिचे कान गेले. गिरणी बंद पडली तेव्हा जुडिथ आर्ट कॉलेजात होती. उसना टेपरेकॉर्डर घेऊन ती रिकाम्या गिरणीत गेली आणि तिथली शांतता रेकॉर्ड करून आली. तिचं पहिलं काम ते. मग खुर्च्यांच्या पायांभोवती फिरवलेल्या लांबलचक टेपा, भिंतीवर रिकाम्या खोल्यांच्या स्लाइड्स, आणि खोलीभर नुसता गुणगुणणारा फ्रीज. लोक उठून जायचे. एका गावात तर म्हणे चौकीदारानं आवाज बिघडलाय समजून फ्यूज काढला. आयुष्यभर शिकवण्या करून तिनं पोट भरलं, आणि म्हातारपणी अचानक तरुण पोरांना तिचा शोध लागला. "दे आर नाऊ ऑल इन लव्ह विथ माय फ्रीज," म्हणायची आणि स्वतःच हसायची.

इथे तिनं काय करावं, तर माणसं सोडून गेलेल्या खोल्या गोळा कराव्यात. व्हिसा कॅन्सल करून एखादं कुटुंब कायमचं भारतात परतलं की डिस्कव्हरी गार्डन्समधला त्यांचा फ्लॅट रंगवण्याआधी आम्ही तिथे जायचो. मजुरांनी सोडलेल्या खोल्यांतही जायचो. भिंतीवर उदबत्तीचा काळा डाग, देवाच्या फोटोचा खिळा, दाराला उंची मोजल्याच्या पेन्सिलीच्या रेघा. आम्ही दोघं श्वास आवरून उभे राहायचो आणि मशीन चालू असायचं. खरं सांगतो, नंतर हेडफोनमध्ये ते ऐकताना मला कधीकधी वाटायचं की कुणीतरी शेजारच्या खोलीत बोलायचं थांबलंय. जुडिथला सांगितलं की ती खूश व्हायची.

मग बाबा गेले. मी पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. खळं तसंच होतं, सारवलेलं, आणि त्यात उभं राहायला मला जागाच सापडेना.

परतल्यावर जुडिथला ते गाऱ्हाणं मी आपणहून ऐकवलं. तिला एक शब्द कळत नव्हता, पण डोळे मिटून तिनं शेवटपर्यंत ऐकलं. "मधे मधे ते सगळे काय म्हणतात?" तिनं विचारलं. मी म्हटलं, "दे आर सेइंग यस." तिनं ते आपल्या पुढच्या कामासाठी मागितलं आणि मी दिलं. गावाबाहेर फारसे न गेलेले बाबा प्रदर्शनात बोलणार याचा मला अभिमान वाटला, खोटं कशाला बोलू.

तोवर ती आजारी होती. हे शेवटचं काम हे तिला माहीत होतं, मलाही. संस्था ते कायमचं ठेवणार होती, त्याच घरात, आमची ओळख झाली त्याच खोलीत. अट एकच, तिच्यानंतर कुणी त्यात एका आवाजाचाही बदल करायचा नाही. मी स्पीकर लावला, फाईल चालू केली आणि बाबा बोलायला लागले.

"...तर ती दूर कर रे म्हाराजा."

आणि पुढे काही नाही. जुडिथनं सगळे "व्हय म्हाराजा" काढून टाकले होते. नुसते कापले नव्हते, ती कसबी बाई होती. सुरुवातीला बाबा बोलायच्या आधीचा खळ्याचा आवाज तिनं त्या त्या जागी भरला होता. दूरवर कोंबडी, वाऱ्यानं हललेली झावळ. बाबा मागत होते, थांबत होते, वाट बघत होते, आणि खळं रिकामं होतं. काका, दादा, सगळी वाडी कुठेतरी नाहीशी झाली होती आणि बाबांना कुणी ते सांगितलं नव्हतं.

"मॅडम, धिस इज नॉट कम्प्लीट," मी म्हटलं. इतक्या वर्षांत तिच्या कामाबद्दल मी पहिल्यांदाच बोललो.

ती रागावली नाही. म्हणाली, लहानपणी ती जिन्यावरून आईला हाक मारायची आणि खालून काहीच यायचं नाही. आई स्वयंपाकघरात असायची, जिवंत, फक्त पाठमोरी आणि बहिरी. "ती जागा मी आयुष्यभर रेकॉर्ड करत आले, सुहास. तिथे उत्तर घालणं म्हणजे खोटं बोलणं."

"आमच्यात ती जागा रिकामी ठेवत नाहीत," मी म्हटलं. पण तिची आई मला दिसत होती. मी वायरी गुंडाळायला घेतल्या.

तेव्हापासून बाबा माझ्या मागे लागले. अल नहदाच्या लिफ्टमध्ये, दार बंद होताना. शारजाच्या ट्रॅफिकमध्ये, काचा वर असताना. एसीच्या घरघरीतून स्पष्ट "रे म्हाराजा" यायचं आणि मग ती वाट बघणारी शांतता. बायको विचारायची, "परत?" मुलगी म्हणायची, "बाबा, यू आर डुइंग दॅट थिंग अगेन." मी जेवता जेवता घास हातात धरून थांबलेलो असायचो. आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "गाऱ्हाण्याक व्हय म्हणूक कोण नाय? असा उघड्यार टाकू नये रे बाबू. मागणा अधांतरी ऱ्हवता. तेंका तरी शांती कशी गावतली?" मला तेच हवं होतं का? बाबांना शांती मिळू नये, एवढंच मी परदेशात येऊन कमावलं?

उद्घाटनाच्या दिवशी माणसं आली, दबक्या पावलांनी ऐकून गेली. बाहेर "कृपया शांतता राखा" अशी तीन भाषांतली पाटी होती. जुडिथ खोलीच्या कोपऱ्यात खुर्चीवर बसली होती, काठी मांडीवर. दुपारी माझ्या जुन्या कंपनीची पोरं रिकाम्या पेट्या न्यायला आली. त्यांच्यात सावंतवाडीकडचा एक आणि वेंगुर्ल्याचे दोघे होते. "चलो भाई, यल्ला, गाडी रोड पे है," असं काहीतरी ओरडत ते बोळातून येत होते. आतून आवाज आला, "बा देवा म्हाराजा..."

तिघंही उभ्या जागी थांबले. हातातली पेटी खाली ठेवली. बूट दाराशी काढले, कंपनीच्या टोप्या काढल्या आणि आत येऊन हात जोडून स्पीकरसमोर उभे राहिले. हे रेकॉर्डिंग आहे, त्याला उत्तर लागत नाही, हे त्यांच्या डोक्यात आलंच नाही. बाबांचं मागणं संपलं, बाबा थांबले.

"व्हय म्हाराजा."

गार्ड धावला. "साइलेन्स प्लीज, भाईसाब." जुडिथनं काठी उचलून त्याला जागीच थांबवलं. पुढचं मागणं, पुढचा व्हय. त्या दगडी खोलीत तो आवाज घुमला. गाऱ्हाणं संपलं, पोरांनी नमस्कार केला, बूट चढवले आणि पेट्या उचलून "चल रे, उशीर झालो" म्हणत निघून गेली.

जुडिथ स्पीकरवरून नजर काढून माझ्याकडे वळली. "तू सांगितलं होतंस त्यांना?"

"नाही. त्यांना राहवलं नाही."

"आणि तू? तू का नाही म्हटलंस?"

"आय ॲम वर्किंग, मॅडम."

ती हसली, मग खोकली. "सुहास, रेकॉर्डिंग केव्हाच संपलंय."

त्याच वर्षी, उन्हाळ्याआधी, ती इंग्लंडला गेली आणि परत आली नाही. जाण्यापूर्वी संस्थेला तिनं लिहून दिलं की आवाजात बदल नाही, पण ती शांततेची पाटी काढा. तिनं एवढंच केलं. तिच्यासारख्या बाईनं एवढं केलं, म्हणजे खूप केलं.

आता रोज सकाळी दार उघडण्याआधी यंत्रणा मीच चालू करतो. चपला काढतो आणि उभा राहतो. गावी राहिलेल्यांनो, आणि माझ्यासारखं इकडे येऊन बसलेल्यांनो, घर कुठे म्हणून मला कुणी विचारलं तर मला अल नहदाही सांगता येत नाही आणि वाडीही. बाबा जिथे थांबतात तिथे माझं घर आहे, आणि तिथे कुणीतरी बोलावं लागतं. वाटेतली आडनड, व्हय म्हाराजा. परक्याची नजर, व्हय म्हाराजा. पण शेवटच्या मागण्यापाशी मी अडकायचो. सुखरूप घराक आणून सोड. त्याला कुठल्या तोंडानं व्हय म्हणू? फ्लॅट इथे, पोरीची शाळा इथे, आणि आई तिकडे बाबांच्या मागे सोलं वाळवते.

परवा मी आईला व्हिडिओ कॉल लावून फोन उंच धरला. आता म्हणणारं कुणीतरी आहे, हे तिला दाखवायचं होतं. बाबांचा आवाज ऐकून तिनं डोक्यावर पदर घेतला. मी एकेक व्हय म्हणत गेलो. शेवटचं मागणं आलं, बाबा थांबले, खळ्यातली कोंबडी ओरडली आणि मी पुन्हा अडकलो.

"व्हय म्हाराजा," फोनमधून आई म्हणाली. जन्मभर दारात उभी राहिलेली आई. आवाज बारीक, पण पोचला. आणि लगेच, श्वासही न घेता तिनं विचारलं, "मगे कधी येतलस?"

खोलीत फक्त आम्ही होतो आणि कुठलंही मशीन काही टिपून घेत नव्हतं.

"जत्रेक," मी म्हटलं. "जत्रेक येतलंय, आई."